कोबे: डोंगर आणि समुद्र यांच्यामधलं बंदर

नमस्कार श्रोतेहो.

जपानच्या कोबे शहरात वाट विचारलीत, तर लोक उत्तर-दक्षिण म्हणत नाहीत. 'डोंगराकडे' किंवा 'समुद्राकडे' असं सांगतात. उत्तरेला 931 मीटर उंचीची रोक्को रांग, दक्षिणेला ओसाकाचा उपसागर आणि मध्ये जेमतेम दोन-चार किलोमीटरची पट्टी. जुनं शहर तिथेच वसलं. वादा भूशिर नैऋत्येचा वारा अडवतं, किनाऱ्याशीच पाणी खोल आहे, म्हणून जहाजांना इथे आसरा मिळाला. 1868 साली बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. 1893 पासून तर कोबेहून थेट मुंबईला बोटी येऊ लागल्या, त्या आपल्याकडचा कापूस न्यायला.

हवा एकंदरीत सौम्य. जानेवारीत सरासरी 6 अंश, ऑगस्टमध्ये मात्र 28 च्या वर आणि दमट. वर्षाचा पाऊस सुमारे 1300 मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळपास निम्मा. हिवाळ्यात रोक्कोवरून कोरडा, बोचरा वारा उतरतो; नादा भागातले साके, म्हणजे तांदळाचं मद्य, बनवणारे त्याच्याच भरवशावर थंडीत ते करत आले.

पण हा डोंगर जपावा लागतो. तो ग्रॅनाइटचा, आणि झिजलेल्या ग्रॅनाइटची वाळू होते. सरपणासाठी झाडं तुटली, डोंगर बोडका झाला, तेव्हा 1902 मध्ये तिथे झाडं लावायला सुरुवात झाली. माझ्या मते कोबेच्या इतिहासातलं याहून मोठं काम नाही. तरीही जुलै 1938 च्या पावसात दरडी, दगड, चिखल थेट शहरात घुसले आणि सहाशेहून अधिक माणसं गेली.

जागा अपुरी पडली तशा टेकड्या कापून समुद्रात भर घातली, पोर्ट आयलंड उभं राहिलं. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात हीच भरावाची जमीन पातळ झाली, बोटी लागायचे धक्के खचले.

नद्या इथे आखूड आणि उताराच्या. 2008 च्या जुलैत तोगा नदीचं पाणी दहा मिनिटांत मीटरभराहून जास्त चढलं आणि काठावरची पाच माणसं वाहून गेली, त्यांत मुलंही होती. त्यानंतर नदीकाठी इशाऱ्याचे दिवे बसवले आहेत. कधी कोबेला गेलात आणि असा दिवा फिरताना दिसला, तर डोक्यावर ऊन असलं तरी लगेच वर रस्त्यावर या. पाऊस डोंगरावर सुरू झालेला असू शकतो.