देवाचे कुत्रे

श्रोतेहो, नमस्कार.

पौर्णिमेची रात्र, अंगभर राठ केस फुटलेला माणूस आणि त्याला मारायला चांदीची गोळी. नरलांडगा म्हटलं की डोळ्यांसमोर एवढंच येतं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याला सिनेमाने पढवलंय. युरोपातल्या जुन्या खटल्यांच्या कागदांत चंद्र फारसा भेटत नाही. तिथे भेटतो सैतान, त्याने दिलेलं कातडं किंवा पट्टा, आणि छळ करून काढलेला कबुलीजबाब. १५८९ साली जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये पेटर श्टुम्प नावाच्या माणसाला नरलांडगा ठरवलं, चाकाला बांधून त्याची हाडं मोडली, मुंडकं उडवलं आणि धड जाळलं. सैतानाने जादूचा पट्टा दिला, असं तो कबूल झाला होता. तसल्या यातनांपुढे कोण काय कबूल करणार नाही?

पण आज मी सांगणार आहे ती गोष्ट एका म्हाताऱ्याची, ज्याने कुणी हात न लावता सांगून टाकलं की हो, मी नरलांडगा होतो.

त्याचं नाव थीस. वय ऐंशीच्या पुढे. राहायचा लिव्होनियात, म्हणजे आजच्या लाटव्हियाच्या भागात. तेव्हा तिथे राज्य स्वीडनचं, जमिनी जर्मन जमीनदारांच्या आणि शेतात राबणारे स्थानिक कुळवाडी, जमिनीला जखडलेले. १६९१ साली थीसला कोर्टात बोलावलं ते आरोपी म्हणून नव्हे, चर्चमधल्या चोरीच्या प्रकरणात साक्षीदार म्हणून. तो शपथ घ्यायला उभा राहिला आणि गावचा खानावळवाला गालातल्या गालात हसला. का हसलास, असं न्यायाधीशांनी विचारलं. तो म्हणाला, अहो, हा थीस सैतानाच्या संगतीतला, नरलांडगा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता हा कसली शपथ घेतो? चोरी राहिली बाजूला.

थीसने नाकारलं नाही. पूर्वी होतो, पण दहाएक वर्षांपूर्वी सोडून दिलं, म्हणाला. आणि मग जे सांगितलं ते ऐकून न्यायाधीश चक्रावले. चेटूक करणारे लोक शेतातलं बी, धान्याची बरकत चोरून नरकात सैतानाकडे नेतात. नरलांडगे वर्षातून तीनदा, नाताळाआधीच्या संत लुसियाच्या रात्री, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला आणि जूनमध्ये संत योहानाच्या रात्री, नरकात उतरतात आणि ते सगळं परत आणतात. हातात लोखंडी चाबूक. समोरच्यांकडे घोड्याची शेपटी गुंडाळलेले झाडूचे दांडे. असल्याच एका दांड्याने स्काइस्तान नावाच्या शेतकऱ्याने माझं नाक फोडलं, असं थीसचं म्हणणं होतं. स्काइस्तान तोवर मेला होता, त्यामुळे त्याची बाजू कुणी विचारू शकत नव्हतं.

ही मोहीम फसली तर काय होतं, तेही त्याने सांगितलं. एका वर्षी पोचायला उशीर झाला, नरकाचं दार बंद. रशियातले नरलांडगे आधीच येऊन आपला वाटा घेऊन गेले होते. त्या वर्षी इकडे पीक बुडालं, तिकडे भरभरून आलं. यंदा मात्र नरलांडग्यांनी जव, ओट आणि राय भरपूर आणलंय, काळजी नको, म्हणाला!

न्यायाधीशही चिकाटीचे. रस्त्यात जनावरं मारून भाजून खातो म्हणतोस, तर भाजता कशी, लांडगे ना तुम्ही? थीस म्हणाला, तेव्हा आम्ही माणसंच असतो. मीठ घालतो, पाव मात्र नसतो. कातडं कुठून आणलंस, विचारल्यावर आधी एका शेतकऱ्याचा हवाला दिला. नावगाव विचारलं तेव्हा म्हणाला, कातडं नाहीच, झुडपात कपडे काढून ठेवतो. उलटतपासणीत गडबडलेला साक्षीदार असाच बोलतो, आजही.

खरी कोंडी पुढे झाली. सैतानाची चाकरी करणाऱ्याचा आत्मा स्वर्गात जाईल का, असा सवाल. थीसचं उत्तर असं की आम्ही सैतानाचे नव्हेच, आम्ही देवाचे कुत्रे. तो चोरून नेतो ते आम्ही परत आणतो, म्हणून आमचे आत्मे स्वर्गात जातात. पाद्रीबुवांनी कानउघाडणी केली, तर म्हाताऱ्याने त्यांनाच सुनावलं की तुम्ही अजून तरुण आहात, मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. न्यायाधीशांच्या हिशोबात दोनच रकाने होते, देवाचा आणि सैतानाचा, आणि लांडगा कायमचा दुसऱ्यात. शेवटी १६९२ मध्ये शिक्षा झाली, फटके आणि हद्दपारी. जीव वाचला, हेच त्या काळात नवल. पुढच्या तीन-चार वर्षांतच लिव्होनियात भयंकर दुष्काळ पडला.

खटल्याचे जर्मन कागद १९२४ साली छापून आले. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग यांना त्यात ईशान्य इटलीतल्या फ्रिऊली भागाशी साम्य दिसलं. तिथले बेनान्दान्ती म्हणवणारे शेतकरी सांगत, की रात्री आमचे आत्मे बडीशेपेच्या काड्या घेऊन चेटक्यांशी पिकांसाठी लढतात. म्हणजे ही श्रद्धा फार जुनी, सगळ्या युरोपभर पसरलेली, असं गिन्झबर्ग मानतात. अमेरिकन अभ्यासक ब्रूस लिंकन यांना हे पटत नाही. त्यांच्या मते जर्मन धनी लोक कुळवाड्यांना लांडगे म्हणून हिणवत. थीसने तीच शिवी उचलून धन्यांवर उलटवली.

मला लिंकन यांचं जास्त पटतं, आणि त्याला कारण आहे. नरक कुठे आहे, असं कोर्टाने विचारलं तेव्हा थीसने ठिकाण सांगितलं ते एका दलदलीतलं, खुद्द न्यायालयाच्या अध्यक्षांच्या जहागिरीला लागूनच. आणि जर्मनांमध्ये नरलांडगे आहेत का, या प्रश्नावर त्याचं उत्तर होतं, आहेत की, पण ते आमच्यात येत नाहीत. त्यांचा नरक वेगळा आहे.