मोडता येणारा कर्नल

[दृश्य : काळे टर्मिनल. कर्नल सुरू होत असल्याची ओळ उमटते. खाली डॉलरचे चिन्ह.]

निवेदन :
ही एक्सव्ही६. एमआयटीमध्ये २००६ साली खास विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यात ब्राउझर नाही, माउस नाही, पासवर्डसुद्धा नाही. पण प्रोसेस म्हणजे चालू प्रोग्राम, फाइल सिस्टिम, एका प्रोग्रामचे लिखाण दुसऱ्याकडे नेणारा पाइप, आज्ञा घेणारा शेल हे सगळे आहे, आणि तेही १०,००० पेक्षा कमी ओळींच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात. लिनक्सचा कर्नल ३ कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. रोजच्या कामाला लिनक्स उत्तमच; वर्गाला मात्र एका सत्रात वाचून संपेल असा कोड हवा.

[दृश्य : जुन्या छापील कोडची पाने.]

असा कोड वर्गात आणायला एकेकाळी कायद्याचीच आडकाठी होती. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीचा सुमारे ९,००० ओळींचा कोड भाष्यासह विद्यार्थ्यांच्या हाती दिला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने कोड वर्गात शिकवायलाच मनाई केली. ती अडचण ओलांडण्यासाठी अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये स्वतःची मिनिक्स ही सिस्टिम लिहिली, १९८७ मध्ये. एक्सव्ही६ची मांडणी पुन्हा त्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेली आहे. २०१९ पासून ती रिस्क-व्ही प्रोसेसरसाठी आहे, आणि परवाना म्हणतो : वाचा, बदला, वाटा.

[दृश्य : प्रयोगशाळा. विद्यार्थी टंकत आहेत.]

रिस्क-व्हीचे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. क्यूएमू हा एम्युलेटर ते साध्या संगणकावर उभे करतो. डेबियन किंवा उबुंटूवर कोड उतरवणारे गिट, तो बांधणारे मेक, क्यूएमू, रिस्क-व्हीचा कंपायलर जीसीसी आणि चुका शोधणारा, अनेक प्रोसेसर ओळखणारा जीडीबी एवढे बसवले की झाले. कोड उतरवून घ्यायचा आणि ‘मेक क्यूएमू’ म्हणायचे. नव्या कोडला क्यूएमू ७.२ किंवा त्यापुढचा लागतो. एका रांगेत जुना, दुसऱ्या रांगेत नवा असे असले की पहिला तास त्यातच जातो. सगळीकडे एकच आवृत्ती बसवलेली बरी. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स. कंट्रोल-सीने काही होत नाही, हे आधीच फळ्यावर लिहून ठेवावे.

कर्नल कोसळला तरी संगणकाला धक्का लागत नाही. एम्युलेटर बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. फाइल सिस्टिमच बिघडली तर ‘मेक क्लीन’ तिची प्रतिमा पुसते, आणि पुढचे ‘मेक क्यूएमू’ नवी बनवते. आत लिहिलेल्या फाइली मात्र त्यासोबत जातात.

[दृश्य : संपादकात पाच फाइली शेजारी शेजारी.]

पहिला खरा गृहपाठ म्हणजे नवा सिस्टिम कॉल, प्रोग्रामने कर्नलकडे करायची नवी मागणी. समजा, मोकळी मेमरी किती आहे ते सांगणारा. मूळ कॉल २१ आहेत, म्हणून नव्याला क्रमांक २२. तो सिस्कॉल डॉट एचमध्ये लिहायचा; सिस्कॉल डॉट सीमधल्या तक्त्यात नोंदवायचा; प्रत्यक्ष काम करणारे फंक्शन कर्नलमध्ये; घोषणा यूजर डॉट एचमध्ये; आणि यूसिस डॉट पीएलमध्ये एक ओळ. तपासणारा छोटा प्रोग्राम मेकफाइलच्या यादीत घालायलाही विसरायचे नाही.

विद्यार्थी यातले काहीतरी विसरतोच, आणि खरे शिक्षण तिथेच होते. यूजर डॉट एच राहिले, तर कंपायलर अडवतो. यूसिस राहिले, तर लिंकर. कर्नलमधला तक्ता राहिला, तर सगळे बिनतक्रार बनते, प्रोग्राम धावतो, आणि कर्नल उत्तर देतो : अनोळखी सिस्टिम कॉल २२. मेकफाइल राहिली, तर शेल म्हणतो, हा प्रोग्राम चालवता आला नाही. एकच विसराळूपणा कुठे झाला त्यावर चार वेगळे थर बोलतात. प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातली सीमारेषा कुठून जाते ते समजावायला याहून चांगली आकृती काढता येणार नाही.

[दृश्य : पडद्यावर पॅनिकचा संदेश.]

पुढची पायरी अवघड. कॉलला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, दिला, आणि विद्यार्थ्याने कर्नलमध्ये तो थेट वाचला. पॅनिक. म्हणजे कर्नल हात टेकून थांबतो. कारण सांगणारा आकडा एसकॉज ०एक्सडी, म्हणजे १३ : वाचताना पेज फॉल्ट. कर्नलचे पेज टेबल, म्हणजे पत्त्यांचा नकाशा, वेगळे असते. प्रोग्रामचा पत्ता त्याच्या नकाशातच नसतो. म्हणून कॉपीइन आणि कॉपीआउट. ती फंक्शने पत्ता त्या प्रोसेसच्याच टेबलातून शोधतात, आणि तो खोटा निघाला तर कर्नल न कोसळता चूक परत करतात.

संदेशातला एसइपीसी हा आकडा नजरेआड करू नये. चूक नेमकी कोणत्या सूचनेवर झाली, त्याचा तो पत्ता आहे. कोड बनतानाच कर्नल डॉट एएसएम ही फाइल तयार होते. तिथे तो पत्ता शोधला की सीची ओळ सापडते. जागोजागी छापून पाहण्यापेक्षा ही सवय आधी लावावी. जीडीबी त्यानंतर.

[दृश्य : तीन सीपीयू सुरू झाल्याच्या ओळी.]

लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप, शिकवायचे, तर काढून दाखवावे. केअ‍ॅलॉक डॉट सीमध्ये मेमरीच्या मोकळ्या पानांची यादी असते. पान देणाऱ्या आणि परत घेणाऱ्या, दोन्ही फंक्शनांतले लॉक घेणारे व सोडणारे अ‍ॅक्वायर व रिलीज मिटवायचे. फक्त अ‍ॅक्वायर मिटवले तर रिलीज लगेच पॅनिक करते, आणि प्रयोग सुरू होण्याआधीच संपतो. मग ‘ग्राइंड’ हा प्रोग्राम चालवायचा. तो समांतर प्रोसेसमधून सिस्टिम कॉलांचा भडिमार करतो. मेकफाइल ३ सीपीयू देते, त्यामुळे कधीतरी दोघे जण यादीतले तेच पान उचलतात आणि एकाच्या मेमरीत दुसरा लिहू लागतो.

सीपीयू १ केला की चूक बहुधा दिसेनाशी होते, गेलेली नसते. पान निवडणे आणि यादी पुढे सरकवणे यांच्या मधोमध टायमरचा व्यत्यय आला, तर पुन्हा तेच घडते. कोसळायला किती वेळ लागेल याचा नेम नाही; म्हणून ग्राइंड तासाच्या सुरुवातीलाच लावून ठेवावा आणि तोवर फळ्यावर त्या दोन ओळी सोडवून घ्याव्यात.