घोटा गेला, खेळ नाही गेला

...मागच्या ओळीपर्यंत आवाज येतोय ना? मग सुरू करतो. पत्रिकेत विषय छापलाय ‘गॉर्डन स्मिथची कारकीर्द’. हा स्कॉटलंडचा फुटबॉलपटू. मला त्यातून एकच सांगायचंय. दुखावलेला खेळाडू वेगळा आणि संपलेला वेगळा. मैदानावर हे दोन्ही एकच समजले जातात, आणि मला त्याचा फार राग येतो.

स्कॉटलंडच्या एडिनबरा शहरात दोन फुटबॉल क्लब. लीथ बंदराच्या बाजूला हिबर्नियन, म्हणजे हिब्ज, जर्सी हिरवी. पश्चिमेला गॉर्गी भागात हार्ट्स, जर्सी मरून. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल म्हटलं की तुम्हाला पुढचं सांगावं लागत नाही. १९४१ च्या एप्रिलमध्ये हार्ट्सचीही नजर असलेल्या या पोराला, म्हणजे स्मिथला, हिब्जने उचललं. वय सोळा. पहिलाच सामना, तोही हार्ट्सविरुद्ध, त्यांच्याच टाइनकासल मैदानावर. पठ्ठ्याने तीन गोल केले! हिब्ज ५-३ ने जिंकले. त्या संध्याकाळी हार्ट्सवाल्यांना जेवण गोड लागलं असेल का, सांगा बरं!

मग अठरा वर्षं तो हिब्जच्या उजव्या विंगेवर, म्हणजे उजव्या कडेने आक्रमण करणारा. स्मिथ, जॉनस्टोन, रायली, टर्नबुल, ऑर्मंड ही हिब्जच्या आक्रमणाची ‘फेमस फाइव्ह’. पाचही जणांनी हिब्जसाठी लीगमध्ये शंभरावर गोल केले. हा विंगर, म्हणजे काम कडेने चेंडू आत पुरवायचं, तरी गोलांचा पाऊस. १९४८, १९५१, १९५२ अशी स्कॉटिश लीगची तीन विजेतेपदं. १९५५-५६ मध्ये युरोपियन कपात, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, खेळणारा पहिला ब्रिटिश क्लब हिब्जच. उपांत्य फेरीत फ्रान्सच्या रीम्सने अडवलं.

आणि १९५९ साली त्याला मोकळं केलं. घोटा दुखावलेला. क्लबला वाटलं, आता काही होणार नाही. त्याला वाटलं, शस्त्रक्रिया केली तर होईल. मग त्याने काय केलं? स्वतःच्या खिशातून पैसे भरून ती करून घेतली. अठरा वर्षं ज्यांच्यासाठी लाथा खाल्ल्या, त्यांनी एवढाही धीर धरू नये? मला आजही हे वाचलं की घशाशी येतं. आणि तो गेला कुठे? हार्ट्समध्ये! त्या मोसमात हार्ट्स लीग जिंकले, लीग कपही जिंकले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर जे सांगायला आलो ते पटकन सांगतो. १९६१ मध्ये तो डंडी या तिसऱ्या स्कॉटिश क्लबात गेला. प्रशिक्षक बॉब शँकली. पाय मंदावले होते, पण क्रॉस कधी आणि कुठे टाकायचा, ते डोकं शाबूत होतं. आत गोलासमोर गिल्झीनसारखा हेडर करणारा उभा. १९६२ च्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडमधल्याच पर्थला सेंट जॉनस्टन क्लबला ३-० हरवून डंडी विजेते. पुढच्या मोसमात युरोपियन कपात जर्मनीच्या कोलोनवर ८-१ विजय, आणि उपांत्य फेरीत इटलीच्या मिलानने अडवलं. तीन क्लब, तिघांकडून लीग विजेतेपद, आणि त्यात ना रेंजर्स, ना सेल्टिक, म्हणजे ग्लासगोचे ते दोन बलाढ्य क्लब. असा दुसरा स्कॉटिश खेळाडू नाही.

पर्थच्या त्या दिवशी त्याला अडतीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. बुटात तोच घोटा होता.

बाकीचं चहाच्या वेळी विचारा, मी इथेच आहे.