पाणी पिऊन आलात का?

खानापूरची सकाळची बस बेळगावात शिरतेय. खिडकीशी बसलेल्या मावशींनी घर सोडल्यापासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. वाटेत लघवीला लागली तर उतरायचं कुठं? आणि त्यांच्या उपचारात सगळ्यात आधी लागतं ते पाणीच.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर. सोमवार ते शुक्रवार रोज ‘लाइट’ घ्यायची, म्हणजे बाहेरून मशीनने किरणोपचार, एकूण 25 वेळा.

ओटीपोटातले अवयव एका जागी थांबत नाहीत. मूत्राशय किती भरलंय, गुदाशयात गॅस आहे का, त्यावर गर्भाशय हलतं. कधी सेंटिमीटरपेक्षाही जास्त. भरलेलं मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलतं, किरणांच्या वाटेतून दूर ठेवतं. म्हणून लघवी करून यायचं, साधारण अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि अर्धा-पाऊण तास बसायचं. उपचाराची आखणी करताना काढलेल्या सीटी स्कॅनला मूत्राशय होतं तसंच, रोज.

रुग्णालयातला या पाण्याचा सूचनाफलक कन्नड आणि इंग्रजीत आहे. मावशी कन्नड बोलतात, पण कन्नड वाचता येत नाही. बघा, सिस्टर शेजारी बसून मराठीत समजावतायत. आमच्या मते नेमका उपचार सुरू होतो तो इथं, या बाकावर.

आता मशीनची खोली. गुडघ्यांखाली आधार, ओटीपोटावर त्यांच्याच मापाचा जाळीदार साचा. कातडीवरच्या बारीक ठिपक्यांवर लेझरच्या रेषा जुळवल्या जातात. मशीन अंगाभोवती एक फेरी मारतं आणि आजचं चित्र पहिल्या स्कॅनवर ठेवून पाहिलं जातं. हाडं जुळली नाहीत तर टेबल काही मिलिमीटर सरकवतात. पण मूत्राशय अर्धंच भरलं असेल तर टेबल सरकवून काय उपयोग? मावशींना खाली उतरवलंय. अजून दोन ग्लास पाणी, पुन्हा थांबायचं. अंगातच पाणी कमी असलं की मूत्राशय भरायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवसापासून पीत राहायला सांगतात.

शस्त्रक्रियेनंतर किरण घेणाऱ्या बायकांवर टाटा मेमोरियलने केलेला अभ्यास 2021 साली छापून आला. आतड्याचा मध्यम ते तीव्र त्रास तीन वर्षांत जुन्या पद्धतीने 42.4 टक्के, रोज चित्र पाहून नेमके किरण दिल्यावर 21.1.

पुढचा टप्पा ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून किरण. तिथं आम्ही कॅमेरा नेला नाही.

मावशी पुन्हा टेबलावर. या वेळी चित्र जुळलं. त्या फलकावर पाण्याच्या चार ओळी मराठीतही हव्यात; खानापूर, निपाणीच्या बायका रोज त्याच बाकावर बसतात.