बरोबरीत सुटायची होती ती कुस्ती

(कृष्णधवल चित्रफीत. रिंगवर दोन मल्ल.)

हात हाताला भिडतात, सुटतात, मानेवर जातात. आपल्याकडे याला खडाखडी म्हणतात. पण इथे लाल माती नाही. हा टोकियोतला कुरामाए कोकुगिकान, एरवी सुमोचं ठिकाण. तारीख 22 डिसेंबर 1954. पणाला लागलंय जपानच्या व्यावसायिक कुस्तीचं पहिलं हेवीवेट अजिंक्यपद.

काळ्या लांब विजारीतला तो रिकिडोझान. सुमोत सेकिवाकेपर्यंत चढलेला, म्हणजे वरून तिसऱ्या पायरीवर. जन्म कोरियातला, पण ही गोष्ट तेव्हा झाकून ठेवलेली.

समोर मासाहिको किमुरा. ज्युदोतला दादा माणूस! 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यानं ब्राझीलचा जिउ-जित्सू मल्ल एलिओ ग्रेसी याचा हात असा पिरगळला, की ग्रेसी हार मानेना म्हणून शेवटी त्याच्याच बाजूनं टॉवेल पडला. तो डाव आज जगभर ‘किमुरा’ म्हणूनच ओळखला जातो.

(रस्त्यावरचा टीव्ही. खाली माणसांचा समुद्र.)

दहाच महिन्यांपूर्वी हे दोघे जोडीदार होते. समोर अमेरिकेहून आलेले धिप्पाड शार्प बंधू. घरोघरी टीव्ही नव्हता, म्हणून शिम्बाशी स्टेशनबाहेरच्या संचासमोर हजारोंची गर्दी. युद्ध हरून नऊ वर्षंही झाली नव्हती. रिकिडोझानच्या हाताचा तडाखा गोऱ्याच्या छातीवर बसला, की अख्खा चौक गर्जायचा. आणि त्याआधी मार खायचं काम? ते किमुराकडे.

ही सल त्यानं वर्तमानपत्रात बोलून दाखवली. रिकिडोझानची कुस्ती दिखाऊ आहे, खरी लढत झाली तर मी हरणार नाही, असा तिचा सूर. झालं, जोड लागली.

पण खरी लढत ठरलीच नव्हती. किमुरानं नंतर सांगितलं त्याप्रमाणे ही चक्क नुरा कुस्ती होती. पहिली बरोबरीत सोडवायची. दुसरी कोणी जिंकायची, ते दगड-कागद-कात्री खेळून ठरवायचं. राष्ट्रीय अजिंक्यपद, आणि निकाल पोरांच्या खेळावर!

(चित्रफीत पुन्हा सुरू.)

आता नीट बघा. सुरुवातीला सगळं ठरल्यासारखं चाललंय. मग किमुराचा पाय वर येतो. त्यानं जांघेत लाथ मारली, असं रिकिडोझानचं म्हणणं. क्षणात त्याचा चेहरा बदलतो.

तो हात उगारतो. किमुरा हात पसरून छाती पुढे करतो. घे, मार. नुरा कुस्तीत असंच करतात, जोडीदाराला जागा द्यायची. तडाखा मात्र छातीवर येत नाही. तो मानेवर बसतो, पूर्ण ताकदीनिशी. हे वर्णन किमुराचं. पुढे तळहाताचे फटके, पडलेल्या माणसाला लाथा. किमुरा उठत नाही. मॅटवर रक्त. 15 मिनिटं 49 सेकंद.

लाथ चुकून लागली की मुद्दाम मारली, यावर आजही वाद घालणारे आहेत. आम्हाला मात्र ते पसरलेले हात विसरता येत नाहीत.

(रात्रीचं टोकियो.)

8 डिसेंबर 1963. आकासाकामधल्या एका नाइटक्लबात एका याकुझानं, म्हणजे जपानी गुंडटोळीतल्या माणसानं, रिकिडोझानच्या पोटात चाकू खुपसला. आठवड्यानं तो गेला. किमुरा 1993 पर्यंत जगला.

दुसऱ्या कुस्तीसाठी दगड-कागद-कात्री खेळायची वेळ दोघांवर कधी आलीच नाही.