एक ऑगस्टची फौज: पडद्यावरची आणि रस्त्यावरची

श्रोतेहो, नमस्कार.

चिनी सैन्याच्या लाल झेंड्यावर ताऱ्याशेजारी दोन अक्षरं असतात. एकाचा अर्थ आठ, दुसऱ्याचा एक. आठव्या महिन्याची पहिली तारीख, म्हणजे १ ऑगस्ट १९२७. त्या पहाटे नानचांग शहरात कम्युनिस्टांनी उठाव केला. तोच सैन्याचा स्थापना दिन मानायचा, हे मात्र १९३३ मध्ये ठरलं. त्या उठावाला ९० वर्षं झाली तेव्हा, २०१७च्या जुलैअखेरीस, चीनमध्ये एक भव्य चित्रपट आला. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘सैन्याची स्थापना’. दिग्दर्शक हाँगकाँगचे अँड्र्यू लाऊ. वर्धापनदिनाचा चित्रपट म्हटल्यावर सरकारी आरती ओघानं आलीच. ती बाजूला ठेवून बघितला, तर एक हरत गेलेली फौज टिकली कशी, याचा माग त्यात लागतो.

कथा सुरू होते १९२७च्या एप्रिलमध्ये. तोवर कुओमिंतांग, म्हणजे चीनचा राष्ट्रवादी पक्ष, आणि कम्युनिस्ट एकाच आघाडीत होते. १२ एप्रिलला कुओमिंतांगचे सेनानी चँग कै-शेक यांनी शांघायमध्ये कम्युनिस्टांची आणि कामगार संघटनांची कत्तल आरंभली. स्वतःचं सैन्य नसलेल्या पक्षाचं काय होतं, ते त्या दिवशी कळलं.

मग नानचांग. चौ एन-लाय, हो लुंग, ये तिंग, चू तेह, लिऊ पो-चेंग अशी नेतेमंडळी आणि हाताशी वीस हजारांहून अधिक सैनिक. आदल्या संध्याकाळी चू तेह यांनी समोरच्या बाजूच्या रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांना जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर माहजोंग या सोंगट्यांच्या चिनी खेळाच्या डावावर बसवून ठेवलं. अधिकारी नसले की छावणी निम्मी लुळी पडते, हा साधा हिशेब! उठावाची वेळ पहाटे चारची होती. पण हो लुंग यांच्या फौजेतल्याच एका अधिकाऱ्यानं फितुरी केल्याचं कळलं आणि दोन वाजताच गोळीबार सुरू करावा लागला. अंधारात आपला माणूस ओळखू यावा म्हणून गळ्यात लाल रुमाल आणि दंडाला पांढरा पंचा. उजाडेपर्यंत शहर हातात आलं. एक गोष्ट ध्यानात ठेवा, हा उठाव अजून कुओमिंतांगच्या डाव्या गटाच्या नावानं झाला होता. पक्षाचा स्वतःचा झेंडा नंतरचा.

खरी परीक्षा पुढे होती आणि तिथेच पटकथा घाई करते. नानचांगमध्ये पाच हजारांवर बंदुका आणि सात लाखांवर काडतुसं हाती लागली. शहर धरून ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून दक्षिणेला ग्वांगदोंगकडे निघायचं ठरलं. तिथे बंदर मिळालं असतं आणि समुद्रमार्गे रशियाची मदत. ऑगस्टचं ऊन, डोंगराळ वाट, हमाल पळून गेलेले. एकेका सैनिकाच्या अंगावर अडीचशे ते तीनशे काडतुसं, म्हणजे गोळ्यांचंच वजन सहा किलोंच्या आसपास; वर बंदूक, आणि मशीनगन, तोफाही सैनिकांनीच वाहायच्या. गावकरी फौजेच्या धास्तीनं घरं सोडून गेलेले, त्यामुळे ना अन्न ना स्वच्छ पाणी. माणसं शेतातलं गढूळ पाणी प्यायली आणि आजारी पडली. त्यात उठावात सामील झालेले एक सेनानी, त्साय तिंग-काय, आपली अख्खी डिव्हिजन घेऊन वेगळे झाले. पहिल्या काही दिवसांतच एक तृतीयांशाहून अधिक बळ गेलं आणि जवळजवळ निम्मी काडतुसं वाटेत टाकून द्यावी लागली. जिंकलेला दारूगोळाच ओझं झाला. हे दाखवायला स्फोट लागत नाहीत, कदाचित म्हणूनच पडद्यावर त्याला जागा कमी.

पुढची चूक नकाशावर दिसते. सप्टेंबरअखेर फौज तीन ठिकाणी वाटली गेली. काही ग्वांगदोंगमधली चाओझोऊ-शांतोऊ ही शहरं सांभाळायला, मुख्य तुकड्या तांगकेंगच्या लढाईला, आणि चू तेह यांच्याकडे तीन-चार हजार माणसं सानहबाला. मुख्य फौज हरली, शांतोऊ आठवडाभरात सुटलं.

सानहबा म्हणजे तीन नद्यांचा संगम. चित्रपटातली मोठी लढाई हीच, आणि तिला मात्र भरपूर वेळ दिला आहे. डावपेच जुनाच: शत्रूला नावांत बसू द्यायचं, निम्मं पात्र ओलांडलं की मारा करायचा. तीन दिवस तो चालला. पण समोरची माणसं संपत नव्हती आणि इथली काडतुसं संपत होती. माघार घेताना मागे टाकून यावी लागलेली माणसं या प्रसंगात नीट दिसतात. लाऊ यांचा हात इथे बसलेला आहे. पुढे आनयुआनला पोचेपर्यंत जेमतेम आठशे उरले होते. चू तेह यांनी त्यांना सांगितलं, ज्याला जायचं त्यानं जावं.

तिकडे माओ यांचा शरद ऋतूतला उठावही फसला होता. पाच हजारांपैकी हजारही उरले नाहीत. सानवान गावात, सप्टेंबरच्या शेवटी, त्यांनी उरलेल्यांची एकच रेजिमेंट केली. तोवर पक्षाची शाखा रेजिमेंटच्या पातळीवर असे, साध्या शिपायाला ती दिसतही नसे. आता ती प्रत्येक कंपनीत, म्हणजे रेजिमेंटमधल्या छोट्या तुकडीत, आली. सैनिकांच्या समित्या झाल्या, मेसचा हिशेब त्यांनी तपासायचा. अधिकाऱ्यानं शिपायाला मारायचं नाही, आणि जेवण सगळ्यांना सारखं. पगार थकलेल्या भाडोत्री फौजांच्या त्या काळात हे फार मोठं होतं. एप्रिल १९२८मध्ये चू तेह यांची माणसं जिंगगांगशानच्या डोंगरात माओंना येऊन मिळाली, तिथे चित्रपट संपतो.

तरुण, लोकप्रिय नट घेतल्याबद्दल टीका खूप झाली. ये तिंग यांच्या नातवानं, जे स्वतः दिग्दर्शक आहेत, जाहीर आक्षेप घेतला. वयाचा मुद्दा मला तितकासा पटत नाही. उठावाच्या दिवशी ये तिंग ३० वर्षांचे होते, चौ एन-लाय २९चे, लिन पियाओ १९चे; चू तेह ४० वर्षांचे, म्हणजे त्यांच्यात वडीलधारेच. खटकतं ते दुसरं: पात्रं इतकी भराभर येऊन जातात की नाव लक्षात राहण्याआधी माणूस मेलेला असतो.

चू तेह हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. जपानशी लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती म्हणून त्यांनीच १९३७मध्ये नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. दुसऱ्या वर्षी पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते.

चित्रपट बघायला बसाल तेव्हा जवळ नकाशा ठेवा. नानचांग, शांतोऊ आणि जिंगगांगशान या तीन ठिकाणांवर पेन्सिलीनं खुणा करा. अक्षरपाट्या भराभर पळतात आणि कुठली तुकडी कुठे हे कळेनासं होतं. खुणा असल्या की निदान मध्यंतरापर्यंत वाट चुकणार नाही. नमस्कार.