ठोकळ्यांतून चालणारा रोहित

(दृश्य: ऐरोलीजवळची ठाणे खाडी. ओहोटी. चिखलात रोहित पक्ष्यांचा थवा.)

ओहोटी लागली, चिखल उघडा पडला की रोहित खायला उतरतात. डोकं थेट पायांपाशी नेतात, चोच उलटी धरतात आणि पाणी गाळत पुढे सरकतात. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, 2022 मध्ये रामसर यादीत आला.

ऐरोलीतल्या एका छोट्या स्टुडिओत हाच पक्षी पडद्यावर उभा राहतोय. पिसांचा नाही, ठोकळ्यांचा. व्हॉक्सेलचा, म्हणजे संगणकातल्या चित्राच्या बारीक घनांचा.

(दृश्य: मॉनिटरवर गुलाबी ठोकळ्यांचा पक्षी पाऊल उचलतो.)

याचा सोपा मार्गही आहे. पक्षी स्थिर असताना एकदाच त्याचे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळा मॉडेलच्या सांगाड्यातल्या जवळच्या हाडाला बांधून टाकायचा. मग पाय वाकला की ठोकळेही तिरके होतात, आणि पक्ष्याने ठोकळ्यांचा अंगरखा घातल्यासारखं दिसतं. इथल्या मंडळींनी तो मार्ग सोडला. त्यांच्या पक्ष्याभोवतीची जागा आधीच घराघरांत विभागलेली आहे. ठोकळे जागचे हलत नाहीत, पक्षी त्यांच्यातून चालत जातो. जिथे त्याचं अंग येतं ते घर भरतं, अंग सरकलं की रिकामं होतं. चालण्यातली लय अशीच टिकते, असं मला ते बघताना ठामपणे वाटलं.

पण मग ठोकळे दर फ्रेमला नव्याने मांडावे लागतात. पक्ष्याभोवती सव्वा मीटरची पेटी, प्रत्येक बाजूला 128 घरं, म्हणजे एक घर साधारण एक सेंटीमीटरचं. एकूण घरं 20,97,152. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 16 मिलिसेकंद येतात, आणि त्यातच बाकीचं चित्रही काढायचं असतं.

हे काम कंप्यूट शेडरचं. ग्राफिक्स कार्डावरच चालणारा, पण चित्र रंगवण्याच्या ठरलेल्या साखळीत न अडकलेला प्रोग्रॅम. ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याच्या दोन प्रचलित पद्धतींपैकी डायरेक्टएक्स 11 बरोबर तो 2009 मध्ये आला, ओपनजीएलमध्ये 2012 साली. हजारो थ्रेड, म्हणजे कामाचे सुटे धागे, एकाच वेळी कामाला लावता येतात. मात्र काम कसं वाटायचं, हे आपणच ठरवायचं.

प्रत्येक घराला एक थ्रेड दिला आणि त्याला मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांनी बनतो ते 8,000 त्रिकोण तपासायला लावले, तर एका फ्रेमला 1,677 कोटी तपासण्या होतात. म्हणून इथे वाटणी उलटी केली आहे: एका त्रिकोणाला एक थ्रेड. तो आपल्या त्रिकोणाच्या आसपासची मोजकी घरं तेवढी तपासतो. त्रिकोणांचे हाडांप्रमाणे वळलेले बिंदू ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतच असतात, ते तिथून हलवायचे नाहीत. सीपीयूकडे, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडे, आणून परत पाठवण्यातच सगळा वेळ जातो.

(दृश्य: पक्ष्याचा पाय, अगदी जवळून. मधला तुकडा दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो.)

"अरे, पाय कुठे गेला?"
"ताई, दोन घरांच्या मधे सापडलाय. केंद्रबिंदू त्याच्या आत येत नाहीये."

रोहितचा पाय इथे खरी परीक्षा घेतो. त्याची जाडी जवळपास एका घराएवढीच. घराचा केंद्रबिंदू मॉडेलच्या आत आहे का, एवढंच विचारलं तर पाय कधी सापडतो, कधी निसटतो. त्यातून मधला सांधा सतत वाकत असतो. (त्याला आपण मागे वाकणारा गुडघा म्हणतो, पण तो असतो घोटा.) उपाय असा की त्रिकोण घराला कुठेही शिवतो का, ते पाहायचं. त्यासाठी 13 अक्षांवर दोघांच्या सावल्या ताडून पाहतात. एकाही अक्षावर त्या वेगळ्या पडल्या तर स्पर्श नाही. टोमास अकेनिन-मोलर यांनी 2001 साली मांडलेली ही चाचणी आजही सर्रास वापरली जाते. तिने पाय थोडा जाड होतो. होऊ दे. जाड पाय डोळ्यांना चालतो, तुटका चालत नाही.

(दृश्य: पंख उघडतात. गुलाबी रंगाखालची काळी पिसं.)

पंखाच्या कडेला वेगळीच अडचण. एकाच घरात गुलाबी त्रिकोणही येतो आणि काळाही. थ्रेड कुठल्या क्रमाने संपतील याची हमी नसते, त्यामुळे शेवटी लिहिणाऱ्याचा रंग राहतो आणि कड लुकलुकते. आता घरात रंग लिहीतच नाहीत, त्रिकोणाचा क्रमांक लिहितात. अ‍ॅटॉमिक क्रियेने, म्हणजे मधे दुसऱ्या थ्रेडला घुसू न देणाऱ्या क्रियेने, सगळ्यात लहान क्रमांक टिकतो आणि पुढच्या टप्प्यात त्याच त्रिकोणाचा रंग उचलतात. कड शांत होते.

घर भरलंय की रिकामं, एवढ्याला एक बिट पुरतं. 32 घरं एका पूर्णांकात बसतात, सगळी पेटी 256 किलोबाइटमध्ये. याचा मोठा फायदा पक्षी विरघळवताना होतो. मागच्या फ्रेमला भरलेली आणि आता रिकामी झालेली घरं बिटांच्या एकाच हिशोबात, 32-32 च्या गठ्ठ्याने सापडतात. त्या जागांवरून सुटे ठोकळे सोडायचे, त्यांना थोडा वेग द्यायचा. पंख फिरतो त्यामागे गुलाबी धूळ उडत राहते. भरलेल्या घरांची यादीही कार्डावरच तयार होते आणि ठोकळ्यांचं चित्रही तिथूनच काढलं जातं. किती ठोकळे झाले हे सीपीयूला कळतही नाही.

पेटी पक्ष्याबरोबर पुढे न्यावी लागते, पण ती घराच्या मापानेच, पूर्ण एक घर सरकवायची. अर्ध्या मापाने हलली तर सगळे ठोकळे घसरू लागतात.

आता थव्याची तयारी सुरू आहे. जवळच्या पक्ष्यांना 128 घरं, लांबच्यांना 32. लांबचे पाय पुन्हा निसटतायत का, हे ताई एकेक पक्षी मोठा करून तपासतायत.